कारखान्याच्या फाटकाआत : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात पोलंडमधील क्राकुव शहरातल्या एनॅमलच्या भांड्यांच्या एका कारखान्यावर आणि त्याचे मालक ऑस्कर शिंडलर यांच्यावर एक टिपण प्रसिद्ध झाले होते. मुळात नफा कमावण्यासाठी क्राकुवला गेलेल्या आणि नाझी पक्षाचे सभासद असलेल्या या जर्मन कारखानदाराने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आपल्या सुमारे बाराशे ज्यू कामगारांना मृत्युछावण्यांपासून वाचवले, एवढाच त्याचा आशय होता. जागेअभावी त्यात अनेक गोष्टी राहून गेल्या आणि वाचकांनी नेमक्या त्याच गोष्टींवर बोट ठेवले आहे. आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : शिंडलर मुळात नफा कमावण्यासाठी क्राकुवला गेले होते, असे आपल्याच टिपणात म्हटले आहे. मग त्यांच्या मदतीमागे माणुसकी किती आणि धंद्याचा हिशेब किती, हे कसे ठरवायचे? (एक निवृत्त बँक अधिकारी)

ते नफ्यासाठीच गेले होते आणि हे स्पष्टपणे सांगायला हवे, कारण ते लपवले की पुढचे सगळे चरित्र खोटे वाटू लागते. 28 एप्रिल 1908 रोजी मोराव्हियातील त्स्विटाउ, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातील स्वितावी या गावी त्यांचा जन्म झाला. त्यांनी वेगवेगळे व्यवसाय केले आणि जर्मन लष्करी गुप्तचर खात्यासाठी हेरगिरीही केली. त्या गुन्ह्याखाली 1938 मध्ये चेकोस्लोव्हाकियाने त्यांना पकडले, पण चेकोस्लोव्हाकियाचा सीमाभाग जर्मनीला देणाऱ्या म्युनिक करारानंतर त्यांची सुटका झाली. 1939 मध्ये ते नाझी पक्षात दाखल झाले आणि जर्मनीने पोलंड जिंकल्यावर काही आठवड्यांतच क्राकुवला पोहोचले. ज्यूंच्या मालकीचे उद्योग, दुकाने आणि घरे जप्त होण्याचा तो काळ होता आणि भांडवल नसलेल्या पण ओळखी असलेल्या जर्मन माणसाला तिथे मोठी संधी होती. झाब्वोचे या औद्योगिक भागात, लिपोवा रस्त्यावरचा ‘रेकॉर्ड’ नावाचा दिवाळखोरीत गेलेला कारखाना त्यांनी ताब्यात घेतला आणि त्याचे नाव ‘डॉइचे एमाइलवारेनफाब्रिक’ असे ठेवले. कामगार त्याला नुसते ‘एमालिया’ म्हणत.

हा कारखाना चालवण्याची अक्कल मात्र त्यांची नव्हती, ती अब्राहम बांकिएर यांची होती. जुन्या कंपनीशी संबंधित असलेले हे ज्यू व्यवस्थापक कच्चा माल, काळा बाजार आणि कामगार या तिन्हींची नस जाणत होते. सुरुवातीचे काही भांडवलही ज्यू व्यापाऱ्यांकडूनच आले. ज्यूंना ठरावीक रकमेपेक्षा जास्त रोकड जवळ बाळगण्याची बंदी असल्यामुळे त्यांनी पैसे दिले आणि मोबदल्यात भांडी घेतली, कारण भांडी विकून किंवा बदलून अन्न मिळवता येत असे. ज्यू कामगार पोलिश कामगारांपेक्षा स्वस्त पडत. त्यांची रोजंदारी कामगाराच्या हाती पडतच नसे, ती छावण्या चालवणाऱ्या एसएस या नाझी सशस्त्र संघटनेच्या तिजोरीत जमा होई. तेव्हा पहिल्या दोन वर्षांत शिंडलर यांनी ज्यूंना कामावर घेतले, त्यात त्यांचा फायदाच होता.

बदल नेमका कोणत्या दिवशी झाला, हे शोधण्याचा हट्ट सोडून द्यावा असे मला वाटते, कारण उपलब्ध घटना एका दिवसाकडे बोट दाखवत नाहीत, त्या हळूहळू एका दिशेला सरकताना दिसतात. मार्च 1941 मध्ये क्राकुवच्या ज्यूंना नदीपलीकडच्या पोद्गुझे भागात घेटोमध्ये, म्हणजे ज्यूंसाठीच्या बंदिस्त वस्तीत, कोंडण्यात आले आणि एमालियाचे कामगार पहाऱ्यात तिथून ये-जा करू लागले. जून 1942 मध्ये घेटोतून बेऊझेत्सच्या मृत्युछावणीकडे माणसे पाठवली जात असताना बांकिएर आणि कारखान्यातले आणखी काही कामगार गाडीत चढवले गेले. शिंडलर स्टेशनवर धावत गेले आणि त्यांनी सगळ्यांना उतरवून घेतले. इथपर्यंत एखादा म्हणू शकेल की व्यवस्थापक गेला असता तर कारखाना बसला असता, म्हणून ते गेले. 13 आणि 14 मार्च 1943 रोजी घेटो रिकामा करण्यात आला, रस्त्यांवर आणि घरांत माणसे मारली गेली, आणि उरलेल्यांना प्वाशुवच्या छावणीत नेण्यात आले. त्यानंतर शिंडलर यांनी जे केले, त्याला नफ्याच्या हिशेबात बसवता येत नाही. त्यांनी स्वतःच्या खर्चाने कारखान्याच्या आवारात बराकी उभारल्या, त्याला प्वाशुवची उपछावणी म्हणून मान्यता मिळवली, शेजारच्या कारखान्यांतल्या ज्यू कामगारांनाही तिथे जागा दिली आणि या सगळ्यासाठी छावणीचा प्रमुख आमोन ग्योट याला लाच चारली. 1943 मध्ये ते बुडापेस्टलाही गेले आणि तिथल्या ज्यू मदत संघटनेच्या प्रतिनिधींना पोलंडमध्ये काय चालले आहे ते त्यांनी सांगितले. नफ्यासाठी धडपडणारा माणूस असा प्रवास करत नाही, कारण त्यात मिळण्यासारखे काही नव्हते आणि जीव जाण्याइतके होते.

आपण बँकेत काम केले आहे, म्हणून एक आकडा देतो. युद्धानंतर, 1948 मध्ये, एका अमेरिकी ज्यू मदत संस्थेकडे खर्चाची भरपाई मागताना त्यांनी बराकी, लाच आणि काळ्या बाजारातले अन्न मिळून 10 लाख 56 हजार डॉलरहून अधिक खर्च झाल्याचे सांगितले होते. हा हिशेब त्यांचाच आहे, तेव्हा त्यात थोडे कमीजास्त असेल. पण युद्ध संपले तेव्हा त्यांच्याकडे जवळजवळ काही उरले नव्हते.

प्रश्न : एमालियातले जीवन प्वाशुवपेक्षा वेगळे म्हणजे नेमके कसे होते? (एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी)

प्वाशुवची छावणी ज्यूंच्या दोन दफनभूमींवर बांधलेली होती आणि उखडलेल्या थडग्यांच्या शिळा तिथल्या रस्त्यांत अंथरल्या होत्या. कैदी रोज त्यावरून चालत. ग्योट स्वतः बंदूक घेऊन फिरे आणि मनात येईल त्याला गोळी घाली. लिपोवा रस्त्यावरच्या आवारातही काटेरी तार होती, पहाऱ्याचे मनोरे होते, बारा-बारा तासांच्या पाळ्या होत्या. फरक असा होता की तिथे कोणी मनमानी करून मारत नसे, पहारेकऱ्यांचा कामाच्या जागी सहसा वावर नसे, आणि छावणीच्या शिध्यात काळ्या बाजारातून आणलेल्या ब्रेडची भर पडत असे. वाचलेल्या कामगारांच्या जबान्यांत या ब्रेडचा उल्लेख वारंवार येतो. मालक कारखान्यातून फेरी मारताना अर्धवट ओढलेली सिगारेट मुद्दाम यंत्राजवळ ठेवून जात, अशीही आठवण त्यांनी सांगितली आहे. छावणीत सिगारेटच्या बदल्यात ब्रेड मिळत असे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या थोटकाची किंमत कळते.

प्रश्न : एक सामान्य कारखानदार एसएससारख्या संघटनेला इतकी वर्षे कसा फसवू शकला? वरिष्ठांच्या लक्षात आले नसेल का? (एक लघुउद्योजक)

हा या सर्व पत्रांतला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण त्याच्या उत्तरात या माणसाचे वेगळेपण दडले आहे. नाझी व्यवस्थेच्या पोटात दोन हेतू एकमेकांशी भांडत होते. एसएसला ज्यूंचा समूळ नाश करायचा होता. लष्कराला आणि शस्त्रास्त्र खात्याला मात्र गणवेश, भांडी, काडतुसे हवी होती आणि जर्मन पुरुष आघाडीवर असल्यामुळे कामाला हात कमी पडत होते. या दोघांमधल्या फटीत एक शिक्का होता : ‘युद्धासाठी आवश्यक’. ज्या कारखान्यावर तो शिक्का, त्याच्या कामगारांना काही काळ तरी हात लागत नसे. शिंडलर यांनी लष्कराला जेवणाचे डबे आणि भांडी पुरवून तो शिक्का मिळवला आणि प्रत्येक वेळी धोका दिसला की तो नव्याने मिळवला.

या कामी त्यांना म्येतेक पेम्पर या तरुण ज्यू कैद्याने दिलेली माहिती फार उपयोगी पडली, आणि ही गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. पेम्पर यांना ग्योटने आपला लघुलेखक म्हणून नेमले होते. टेबलावर येणारी गुप्त कागदपत्रे वाचून त्यांनी ताडले की यापुढे केवळ शस्त्रास्त्रांचे उत्पादन करणाऱ्या छावण्याच टिकणार आहेत, कापड किंवा भांडी बनवणाऱ्या बंद होणार आहेत. हे त्यांनी शिंडलर यांच्या कानी घातले. कारखान्यात शस्त्रसामग्रीचा विभाग होता म्हणूनच एमालिया पुढेही ‘आवश्यक’ राहू शकला. एका कैद्याने जिवावर उदार होऊन कागद वाचला आणि एका मालकाने त्या माहितीचे परवान्यात रूपांतर केले, असे हे दुहेरी काम होते.

उरलेली साधने कोणत्याही धूर्त व्यापाऱ्याकडे असतात तीच होती. कॉन्यॅक, दागिने, मेजवान्या, अधिकाऱ्यांशी दोस्ती, वरच्या साहेबाचे नाव घेऊन खालच्याला दम देणे. अधिकाऱ्यांना संशय येत होताच. काळ्या बाजाराच्या संशयावरून त्यांना अटक झाली. एप्रिल 1942 मध्ये, स्वतःच्या वाढदिवसाच्या कार्यक्रमात शुभेच्छा द्यायला आलेल्या एका ज्यू मुलीच्या गालाचे त्यांनी चुंबन घेतले, म्हणून पुन्हा अटक झाली, कारण वंशविषयक कायद्यांच्या राज्यात तो गुन्हा होता. सप्टेंबर 1944 मध्ये एसएसने ग्योटलाच चोरी आणि भ्रष्टाचाराच्या आरोपाखाली पकडले, तेव्हा त्या प्रकरणात शिंडलर यांचीही तिसऱ्यांदा चौकशी झाली. दर वेळी बाहेरच्या ओळखी उपयोगी पडल्या. आपण उद्योजक आहात, तेव्हा आपल्या लक्षात आलेच असेल की ही साधने त्या काळी पोलंडमध्ये असलेल्या शेकडो जर्मन कारखानदारांकडे होती. परवाना त्यांच्याकडेही होता, ओळखी होत्या, पैसाही होता. बहुतेकांनी ती साधने मालमत्ता वाढवण्यासाठी वापरली आणि कामगार नेले गेले तेव्हा नवे मागवून घेतले.

प्रश्न : ‘शिंडलर्स लिस्ट’ या प्रसिद्ध चित्रपटात शिंडलर आणि त्यांचे हिशेबनीस रात्रभर बसून वाचवायच्या कामगारांची यादी टंकलिखित करताना दाखवले आहेत. ती यादी खरोखर अशीच तयार झाली का? (इतिहासाच्या एक शिक्षिका)

नाही. 1944 च्या उन्हाळ्यात सोव्हिएत सैन्य जवळ येऊ लागले, ऑगस्टमध्ये एमालियाची उपछावणी बंद करण्यात आली आणि तिथले बरेच कामगार प्वाशुवला परत गेले. त्यांपैकी कित्येकांची रवानगी माउटहाउझेनसारख्या छावण्यांत झाली, आणि ते कधीच कोणत्या यादीत आले नाहीत. शिंडलर यांनी आपला शस्त्रास्त्र विभाग मोराव्हियातील ब्रुनलिट्झ येथे हलवण्याची परवानगी मिळवली. त्यासाठी सुमारे हजार कामगारांची मंजुरी मिळाली, तेव्हा यादीची गरज पडली.

यादी एक नव्हती, अनेक होत्या, आणि त्यावर अनेकांचे हात फिरले. शिंडलर यांनी काही नावे आणि ढोबळ निकष दिले. वस्त्रोद्योजक युलिउस माड्रिट्श यांच्या कारखान्यातील सुमारे साठ कामगारांची नावे त्यात आली. पेम्पर यांनी टंकलेखनाचा काही भाग केला. पण प्रत्यक्ष नावे घालणे आणि वगळणे हे काम बऱ्याच अंशी मार्सेल गोल्डबर्ग या छावणीतल्या ज्यू कारकुनाच्या हाती होते. त्याने काहींकडून हिरे आणि पैसे घेऊन नावे घातली, असे वाचलेल्या अनेकांनी सांगितले आहे. हे वाचून मन विषण्ण होते, पण ते आपल्या विद्यार्थ्यांना जरूर सांगावे. छावणीत एका कागदावर नाव असणे आणि नसणे यांत जीव आणि मृत्यूचे अंतर होते, आणि असे अंतर ज्याच्या हाती दिले जाते तो माणूसही कैदीच होता. त्याला त्या जागी बसवणारी व्यवस्था एसएसची होती. गोल्डबर्गचे वर्तन क्षम्य ठरवण्यासाठी मी हे म्हणत नाही. दोषाची उतरंड नीट लावावी, एवढ्याचसाठी म्हणतो.

यादीतले तपशीलही पाहण्यासारखे आहेत. नावापुढे कैदी क्रमांक, जन्मतारीख आणि व्यवसाय असे रकाने आहेत आणि व्यवसायाच्या रकान्यात ‘धातुकामगार’ पुन्हा पुन्हा येतो. त्यांतल्या कित्येकांनी आयुष्यात कधी धातूला हात लावला नव्हता. मुलांची वये वाढवून आणि वयस्कांची कमी करून लिहिली गेली, कारण लहान मूल आणि म्हातारा माणूस ‘आवश्यक’ ठरू शकत नव्हता.

प्रश्न : वाचलेल्यांचा आकडा कुठे 1,098 तर कुठे 1,200 असा आढळतो. खरा कोणता? (एक वाचक)

दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. 18 एप्रिल 1945 ची ब्रुनलिट्झची यादी उपलब्ध आहे आणि तीत 801 पुरुष व 297 स्त्रिया, म्हणजे 1,098 नावे आहेत. नंतर येऊन मिळालेले छोटे गट आणि इतर लोक धरून सुमारे बाराशे असा ढोबळ आकडा सांगितला जातो.

प्रश्न : यादीतल्या स्त्रियांना ऑशविट्झला नेले होते असे वाचले. हे कसे झाले आणि त्या परत कशा आल्या? (एक परिचारिका)

ऑक्टोबर 1944 मध्ये पुरुषांची गाडी आधी ग्रोस-रोझेन छावणीत गेली आणि तिथून काही दिवसांनी ब्रुनलिट्झला पोहोचली. सुमारे तीनशे स्त्रियांची गाडी मात्र ऑशविट्झला गेली आणि त्या जवळपास तीन आठवडे तिथे अडकल्या. मुंडन, नग्न तपासणी, बर्फासारखा गारठा, आणि कोणत्याही क्षणी निवड होऊन गॅस कोठडीकडे पाठवले जाण्याची भीती, अशा अवस्थेत त्यांनी ते दिवस काढले. शिंडलर यांनी अधिकाऱ्यांना लाच दिली, वरपर्यंत दाद मागितली आणि हे प्रशिक्षित कामगार युद्ध-उत्पादनाला हवेच आहेत असा आग्रह धरला. नोव्हेंबरमध्ये त्या ब्रुनलिट्झला पोहोचल्या. त्या आल्या तेव्हा कित्येकींना उभे राहणेही कठीण होते आणि त्यांच्या शुश्रूषेचे काम शिंडलर यांच्या पत्नी एमिली यांनी उचलले.

प्रश्न : एमिली शिंडलर यांच्याविषयी आपल्या टिपणात एक ओळही नाही. हा अन्याय नव्हे का? (एक गृहिणी)

आपले म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे आणि आज थोडी अधिक जागा घेतो. क्राकुवच्या काळात त्या बहुतेक वेळ घरी मोराव्हियातच होत्या. पतीचे वागणे त्यांना क्लेश देणारे होते, हे त्यांनी पुढे स्वतः सांगितले आहे. ब्रुनलिट्झला मात्र त्या पतीबरोबर राहिल्या आणि तिथल्या सात-आठ महिन्यांतले रोजचे काम, म्हणजे हजार माणसांचे पोट आणि आजारपण, यांचा मोठा भार त्यांच्यावर होता. शेजारच्या गिरणीच्या मालकिणीला भेटून त्यांनी धान्य मिळवले, स्वतःचे दागिने विकून औषधे आणि अन्न आणले.

जानेवारी 1945 मध्ये जवळच्या स्टेशनवर मालगाडीचे बंद डबे येऊन थांबले. त्यांत ऑशविट्झच्या गोलेशुव या दगडखाणीच्या उपछावणीतले शंभराहून अधिक ज्यू कैदी होते. ते कित्येक दिवस अन्नपाण्याशिवाय भटकत होते आणि कोणतीही छावणी त्यांना घ्यायला तयार नव्हती. डब्यांच्या कड्या थंडीने गोठल्या होत्या, त्या वितळवून दारे उघडावी लागली. आत काही माणसे मेलेली होती आणि जिवंत होती त्यांच्या अंगावर हाडांखेरीज काही नव्हते. छावणीचा एसएस प्रमुख या ‘निकामी’ माणसांना घ्यायला तयार नव्हता. शिंडलर यांनी हे कामगार युद्धकार्यासाठी उपयोगी आहेत असे सांगून त्यांना आत घेतले. मग एमिली यांनी कारखान्यातच रुग्णशाळा उभी करून त्यांना चमच्याचमच्याने पातळ लापशी भरवली, कारण इतक्या उपासानंतर पोटभर अन्न दिले असते तर ते दगावले असते. काही जण तरीही वाचले नाहीत. मृतांना जाळण्याचा एसएसचा हुकूम मोडून शिंडलर यांनी कॅथलिक दफनभूमीशेजारची जागा मिळवली आणि तिथे ज्यू रीतीने त्यांचे दफन झाले. या सगळ्यात व्यापाराचा कोणता भाग होता, असा प्रश्न पहिल्या पत्रलेखकांनाही विचारावासा वाटतो.

एमिली यांचे 5 ऑक्टोबर 2001 रोजी जर्मनीत निधन झाले. त्यापूर्वी, 1993 मध्ये, ज्यूंच्या संहाराची स्मृती जपणाऱ्या इस्रायलच्या याद वाशेम या संस्थेने पती-पत्नी दोघांनाही ‘राष्ट्रांमधील सदाचारी’ हा सन्मान दिला होता.

प्रश्न : ब्रुनलिट्झच्या कारखान्यात तोफगोळे बनत होते ना? मग त्यांनी जर्मन युद्धयंत्रणेला मदतच केली, असे नाही का? (एक निवृत्त सैनिक)

कागदावर बनत होते. जेमतेम आठ महिन्यांच्या काळात तिथून मालगाडीचा एकच डबा भरेल इतका दारूगोळा बाहेर पडला. उत्पादनाचे खोटे आकडे वर कळवले जात आणि तक्रार आली की यंत्रांची जुळवणी चालू आहे असे उत्तर दिले जाई. मात्र क्राकुवच्या कारखान्याने सैन्याला भांडी आणि इतर सामग्री खरोखर पुरवली होती आणि आपला आक्षेप त्या काळापुरता योग्य आहे.

प्रश्न : असे कारखानदार आणखी कोणी होते का, की शिंडलर हा एकच अपवाद? (एक ग्रंथपाल)

होते, आणि त्यांची नावे अधिक ठाऊक असायला हवीत. वर उल्लेख केलेले व्हिएन्नाचे युलिउस माड्रिट्श यांचा क्राकुवमध्ये गणवेश शिवण्याचा कारखाना होता. त्यांनी आणि त्यांचे व्यवस्थापक राइमुंड टिट्श यांनी कामगारांना स्वखर्चाने अन्न पुरवले, आणि घेटो रिकामा झाला तेव्हा ओस्वाल्ड बोस्को या जर्मन पोलीस अधिकाऱ्याच्या मदतीने मुलाबाळांसह अनेकांना बाहेर काढले. बोस्को यांना 1944 मध्ये या कामासाठी मृत्युदंड झाला. टिट्श यांनी प्वाशुव छावणीची गुपचूप छायाचित्रे काढली आणि ती युद्धानंतरही लपवून ठेवली. त्या छावणीचे आज दिसणारे चित्र बऱ्याच अंशी त्यांच्या कॅमेऱ्यातून आले आहे.

बर्लिनमध्ये रोझेनथालर रस्त्यावर 39 क्रमांकाच्या इमारतीत ओटो वाइट यांचा ब्रश आणि झाडू बनवण्याचा छोटा कारखाना होता. वाइट स्वतः जवळजवळ अंध होते आणि त्यांचे बहुतेक कामगार अंध आणि मूकबधिर ज्यू होते. लष्कराला ब्रश लागत, म्हणून हा कारखानाही ‘आवश्यक’ ठरला. एकदा गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, त्यांचे कामगार पकडून ज्यूंना गोळा करण्याच्या केंद्रात नेले, तेव्हा वाइट तिथे गेले, त्यांनी लाच देऊन सर्वांना सोडवले आणि छातीवर पिवळा तारा लावलेल्या त्या अंध माणसांची रांग स्वतःबरोबर रस्त्याने चालवत परत आणली. कारखान्याच्या शेवटच्या, खिडकी नसलेल्या खोलीत त्यांनी एका ज्यू कुटुंबाला लपवले होते आणि तिच्या दाराला कपड्यांचे कपाट लावलेले होते. पण 27 फेब्रुवारी 1943 रोजी बर्लिनच्या कारखान्यांतून ज्यू कामगारांची सरसकट धरपकड झाली, म्हणजे ‘आवश्यक’ या शिक्क्याचे मोलही संपले. पुढे फितुरी होऊन त्या कपाटामागचे कुटुंबही पकडले गेले आणि ऑशविट्झला पाठवले गेले. आपल्या एका तरुण सेक्रेटरीच्या शोधात वाइट थेट ऑशविट्झपर्यंत गेले होते. ती जिवंत राहिली. वाइट 1947 मध्ये वारले, तेव्हा त्यांचे नाव फारसे कोणाला ठाऊक नव्हते.

बोरिस्लाव या तेलखाणींच्या गावी बेर्टोल्ड बाइट्स हे तरुण अधिकारी तेल कंपनीचे काम पाहत होते. 1942 च्या ऑगस्टमध्ये बेऊझेत्सला निघालेल्या गाडीतून त्यांनी ‘तेलकामाचे तज्ज्ञ’ म्हणून सुमारे अडीचशे माणसे उतरवून घेतली. त्यांत शिंपी होते, न्हावी होते, धर्मग्रंथांचे अभ्यासक होते. हेच बाइट्स युद्धानंतर क्रुप उद्योगसमूहाचे प्रमुख झाले. ज्या क्रुपचे मालक गुलाम कामगारांच्या वापराबद्दल 1948 मध्ये न्युरेंबर्ग येथे शिक्षा झालेले होते, त्याच क्रुपचे. आणि आय. जी. फार्बेन या रसायन कंपनीने तर ऑशविट्झला लागूनच मोनोविट्झ येथे कारखाना उभारला. तिथे कैदी कामाने खंगले की छावणीच्या गॅस कोठड्यांकडे पाठवले जात. जर्मन उद्योगाचे सर्वसाधारण चित्र हे होते. वाइट, माड्रिट्श, शिंडलर आणि बाइट्स त्याच्या विरुद्ध उभे होते, पण त्यांची संख्या फार थोडी होती.

प्रश्न : जो माणूस नाझी पक्षाचा बिल्ला लावून फिरत होता, हेर होता, जप्त मालमत्तेवर श्रीमंत झाला, त्याला संत ठरवण्याची घाई कशासाठी? (एक वाचक, ज्यांनी नाव छापू नये अशी विनंती केली आहे)

आपल्या पत्रातला राग मला समजतो आणि तो अनाठायी नाही. अगदी हाच आक्षेप याद वाशेमसमोरही आला होता. क्राकुवमधील काही ज्यू व्यापाऱ्यांनी युद्धाच्या सुरुवातीच्या काळात शिंडलर यांनी आपली मालमत्ता बळकावली आणि मारहाण करवली, अशी तक्रार केली होती. म्हणूनच 1962 मध्ये जेरुसलेम येथे त्यांच्या नावाने झाड लावले गेले, पण पूर्ण सन्मान मिळायला 1993 साल उजाडले. त्या संस्थेचे निकष साधे आहेत : माणसाने स्वतःचा जीव किंवा स्वातंत्र्य धोक्यात घालून ज्यूंना वाचवलेले असावे, त्याच्या बदल्यात पैसा मागितलेला नसावा आणि त्याला पुरावा असावा. आजवर 28 हजारांहून अधिक जणांना हा सन्मान मिळाला आहे आणि त्यांत जर्मन सहाशेहून थोडेच अधिक आहेत. संतपणाची अट त्यात नाही.

मीही त्यांना संत म्हणत नाही. ते लाच देत, काळा बाजार करत, मद्यपी होते, पत्नीशी अप्रामाणिक होते. तरीही 8 मे 1945 च्या रात्री ते ब्रुनलिट्झहून पळाले, तेव्हा कामगारांनी त्यांच्या हाती एक पत्र दिले. या माणसाने आम्हाला वाचवले, अशी साक्ष त्यात अनेकांच्या सह्यांनिशी होती. त्याबरोबर एक अंगठीही होती. एका कामगाराने तोंडातले सोन्याचे दात काढून दिले आणि त्यातून ती घडवली गेली. तिच्यावर ताल्मुद या धर्मग्रंथातील वचन कोरले होते, एक जीव वाचवणारा सारे जग वाचवतो अशा अर्थाचे. ज्यांनी ती अंगठी दिली, त्यांनी त्यांचे गुणदोष आपल्या दोघांपेक्षा जवळून पाहिले होते, आणि त्यांच्या साक्षीपुढे आपला निवाडा दुय्यम ठरतो, असे मला वाटते.

प्रश्न : युद्धानंतर त्यांनी पुन्हा उद्योग उभारला का? (एक वाणिज्य शाखेचा विद्यार्थी)

प्रयत्न केला, यश आले नाही. 1949 मध्ये दोघेही अर्जेंटिनाला गेले आणि त्यांनी कोंबड्या व न्यूट्रिया या फरधारी प्राण्यांचे पालन सुरू केले. ते दिवाळखोरीत गेले. 1957 मध्ये शिंडलर एकटे पश्चिम जर्मनीला परतले. तिथला सिमेंटचा कारखानाही बुडाला. ज्या संस्थेकडे त्यांनी भरपाई मागितली होती तिने 15 हजार डॉलर दिले होते. पुढची वर्षे ते मुख्यतः वाचलेल्या कामगारांनी पाठवलेल्या पैशावर जगले. 9 ऑक्टोबर 1974 रोजी हिल्डेसहाइम येथे त्यांचे निधन झाले आणि जेरुसलेममध्ये, सियोन टेकडीवरच्या कॅथलिक दफनभूमीत त्यांचे दफन झाले.

प्रश्न : ते कारखाने आज कोणत्या अवस्थेत आहेत? (एक वास्तुविशारद)

क्राकुवच्या लिपोवा रस्त्यावरची प्रशासकीय इमारत उभी आहे आणि 2010 पासून तिथे जर्मन ताब्यातील क्राकुव शहराचे संग्रहालय आहे. बर्लिनची वाइट यांची कार्यशाळाही संग्रहालय झाली असून कपाटामागची खिडकी नसलेली खोली आजही तिथे पाहता येते. ब्रुनलिट्झचा, म्हणजे चेक प्रजासत्ताकातील ब्रन्येनेत्सचा कारखाना मात्र अनेक वर्षे मोडकळीस आलेला होता. या कारखान्याचे मूळ मालक ल्योव-बेअर हे ज्यू वस्त्रोद्योजक घराणे होते. नाझींमुळे त्यांना 1938 मध्ये तो सोडून परागंदा व्हावे लागले. शिंडलर यांना 1944 मध्ये जी जागा मिळाली ती हीच. आता त्या घराण्याच्या वंशजांच्या पुढाकाराने इमारतींची डागडुजी चालू आहे आणि मे 2025 मध्ये, युद्धसमाप्तीच्या 80 व्या वर्षी, तिथल्या संग्रहालयाचा पहिला भाग लोकांसाठी उघडण्यात आला.